सुई, दोरा आणि मिलानचे चार दिवस

शिलाईकाम करणाऱ्या बाईची दिवाळी भाऊबीज उरकली की सुरू होते. दसऱ्यापासून आमच्या कोल्हापुरातल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि फोन उचलला की एकच वाक्य, ‘वहिनी, तेवढं ब्लाउजचं बघा.’ भाची दोन वर्षं इटलीत मिलानला शिकतेय, ‘मावशी, ये की’ म्हणून मागे लागलीय, पण निघणं काही होत नव्हतं. यंदा बहिणीने तिकिटंच काढून हातात दिली. २३ ऑक्टोबरला सकाळी भावाला ओवाळलं आणि दुपारी मुंबईची गाडी धरली. सामानात लेकीसाठी बहिणीने बांधून दिलेला फराळ, माझ्या पर्समध्ये सवयीने मोजपट्टी, आणि ह्यांच्या पायात करकर वाजणारी कोल्हापुरी, कापशी चप्पल. ‘तिकडे थंडी असते, बूट घाला’ हे मी किती वेळा सांगितलं त्याला मोजमाप नाही. शेवटी तडजोड म्हणून ह्यांनी माझेच अंगठ्याचे मोजे चढवले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

मालपेन्सा विमानतळावरून आगगाडीने कादोर्ना स्टेशनला उतरलो, बाहेर आलो आणि मी बॅगेवर बसकणच मारली. चौकात सुई उभी होती. चार मजली घराहून उंच, टोक जमिनीत खुपसलेलं, नेढं आभाळात, आणि त्यात लाल, पिवळा, हिरवा असा जाडजूड दोरा ओवलेला. दोरा जमिनीत शिरतो आणि रस्त्याच्या पलीकडे एका कारंज्यात त्याचं गाठ मारलेलं टोक वर येतं. मी पलीकडे जाऊन गाठ बघितली, परत येऊन सुई बघितली. हिशेब बरोबर होता. गाठीपासून रस्त्याखालून एक टाका घालून झालाय, दुसरा घालायला सुई खाली निघालीय.

‘मावशी, हे मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलंय,’ भाची म्हणाली. क्लेस ओल्डेनबर्ग आणि कूशा व्हान ब्रुगेन या शिल्पकार जोडप्याने २००० साली हे उभारलं. दोऱ्याचे तीन रंग हे इथल्या मेट्रोच्या तेव्हाच्या तीन मार्गांचे, आणि सुई जमिनीत शिरते तशी मेट्रो जमिनीखाली धावते, असा त्यातला विचार. आम्ही लगेच त्यातल्या हिरव्या दोऱ्याने, म्हणजे हिरव्या मार्गाच्या मेट्रोने, भाचीच्या घरी पोर्ता जेनोव्हाला गेलो. खोली एवढी लहान की फराळाचा डबा उघडायला एकाला पलंगावर पाय घेऊन बसावं लागलं.

संध्याकाळी दुओमोच्या, म्हणजे इथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या, चौकात गेलो. कॅथेड्रलचं सोमवारी सांगते. पहिल्या दिवशी मी माणसंच बघत होते. मला वाटलं होतं, फॅशनची राजधानी म्हणजे रंगांचा नुसता धुडगूस असणार. तसं काही नाही. काळा, करडा, मातकट, फार तर गडद निळा. पण खांदा! सत्तरीचे आजोबा सायकलवरून चाललेत आणि कोटाच्या खांद्याला एक चुणी नाही. पँटची लांबी घोट्याशी बरोबर मोडून थांबलेली. आमच्याकडे खांद्याचं माप घेताना माणूस हटकून छाती फुगवतो आणि मग कपडा आयुष्यभर त्या फुगवलेल्या छातीची वाट बघत राहतो.

कॉफी उभ्यानेच प्यायची, हे भाचीने आधीच बजावलं होतं. काउंटरवर उभं राहिलं तर सव्वा-दीड युरो, खुर्चीवर बसलं की तीच कॉफी कुठल्या कुठे जाते. दोन घोटांचा कप, वर पाण्याचा छोटा ग्लास, दोन मिनिटांत माणूस बाहेर. टपरीवरच्या कटिंगचीच रीत.

चौकाला लागूनच गॅलेरिया व्हित्तोरियो इमान्युएले. काचेचं छत असलेला, चार हातांचा बाजार. १८६५ साली राजाच्या हस्ते पायाभरणी, १८६७ मध्ये उद्घाटन, आणि चौकाकडची मोठी कमान व्हायला १८७७ उजाडलं. ज्याने हे सगळं उभारलं तो वास्तुकार मेंगोनी त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला इथल्याच परांचीवरून पडून गेला. इमारत नगरपालिकेच्या मालकीची, त्यामुळे कितीही मोठी कंपनी असो, पाटी काळ्यावर सोनेरी अक्षरांत. लाल-पिवळ्या झगमगाटाला तिथे वाव नाही. ही अट आमच्या महाद्वार रोडला लावली तर काय होईल याचा मी बराच वेळ विचार करत होते.

मधल्या घुमटाखाली जमिनीवर मोझाइकमधला एक बैल आहे, तुरीन शहराच्या चिन्हातला. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून तीन गिरक्या घ्यायच्या म्हणजे नशीब उघडतं. इतक्या टाचा फिरल्यात की तिथे खळगा पडलाय. ह्यांनीही गिरकी घेतली. संगमरवरावर कापशी अशी काही करकरली की रांगेतल्या एका छोट्या मुलीने कानावर हात ठेवले. मग तिला ती करकर पुन्हा ऐकायची होती.

शनिवार, २५ ऑक्टोबर

शनिवारी व्हियाले पापिनियानोवर बाजार भरतो, घरापासून चालत. भाज्या, चीज, मोजे, कातडी पट्टे, आणि मधेच कापडाचे तुकडे विकणारे. आपण ज्याला कटपीस म्हणतो तेच. मी तिथून दीड तास हलले नाही.

एका ढिगाऱ्यात रेशमाचा एक तुकडा हाताला लागला. गर्द हिरव्यावर मोरपिशी बुट्टी. एक मीटर वीस. विक्रेत्याने बोट वर करून सांगितलं, ‘कोमो!’ भाची म्हणाली, ‘मावशी, कोमो म्हणजे इथलं रेशमाचं गाव, तळ्याकाठचं.’ गाव ठीक आहे, पण ढिगाऱ्यातल्या कापडावर मी कोणाच्या तोंडी विश्वास ठेवत नाही. मी तुकडा उलटा केला, कडेचा एक दोरा ओढला आणि तो जाळायची खूण केली. विक्रेता क्षणभर बघत राहिला आणि मग खदखदून हसत त्याने स्वतःचा सिगारेटचा लायटर पेटवला. दोरा आक्रसत जळला, ज्योत लांब केली तशी विझला, केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली. पॉलिस्टर असतं तर वितळून काळा मणी झाला असता. अस्सल होतं. त्याने दहा युरो सांगितले, मी आठ म्हणाले, तो दहाच म्हणाला, मी दहा दिले. मग त्याने न मागता बटणांची एक पुडी वर टाकली. घासाघीस तिथेही होते, फक्त ती किमतीत दिसत नाही.

दुपारी दुओमोजवळच्या लुइनीच्या रांगेत उभे राहिलो. ही जुनी बेकरी. १९४९ मध्ये पुलिया या दक्षिणेकडच्या भागातून आलेल्या लुइनी कुटुंबातल्या बाईंनी इथे पान्झेरोत्ती करायला घेतले. पान्झेरोत्तो म्हणजे तळहातापेक्षा मोठी करंजी. पारी खमिराच्या पिठाची, आत टोमॅटो आणि मोझारेला, आणि तळलेली. आठवडाभर करंज्याच खात होतो, पण ही चावली की आतून चीजची तार निघते आणि तोंड भाजतं. कड मुरडलेली नव्हती, नुसती दाबलेली. आमच्या सासूबाईंनी नापास केली असती. ह्यांनी दोन खाल्ल्या.

नंतर ट्राम. १ नंबरच्या मार्गावर १९२८ सालच्या बनावटीच्या ट्रामी अजून धावतात, लाकडी बाकं, पितळी दांडे, पिवळसर दिवे. मान्झोनी रस्त्याला उतरलो आणि मोन्तेनापोलेओने या बड्या दुकानांच्या गल्लीत शिरलो. गल्लीच म्हणायची, रुंदी बेताचीच. काचेत एखादाच कोट, आणि कोपऱ्यात बोटभर कार्डावर किमती, वाकून वाचाव्या लागतील अशा. मी वाकून वाचल्या आणि तशीच सरळ झाले.

मला बघायचं होतं ते वेगळंच. आमच्या ओळखीचे एक जुने पुरुषांचे शिंपी आहेत, ते ‘मिलानीज काज’ म्हणून एक प्रकार सांगायचे. कोटाच्या कॉलरवर फूल खोवायला जे काज असतं, ते हाताने करायचं. चिरेच्या कडेने आधी एक जाड, ताठ दोरा ठेवायचा आणि त्यावर रेशमाचा दोरा इतका चिकटून गुंडाळत न्यायचा की टाका दिसतच नाही, नुसती चकाकणारी दोरी ठेवल्यासारखी दिसते. बाजूच्या रस्त्यावर एका जुन्या शिलाईच्या दुकानात बाहुलीवर कोट होता. आतल्या गृहस्थांनी माझं निरखणं बघितलं आणि कॉलर स्वतःच उलटी करून दाखवली. खाली अस्तरावर बारीक तिरपे टाके, सगळे हाताचे, आणि सगळे सारखे नाहीत. हाताचा टाका तसाच असतो. वर ते काज. मी बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही. भाषा येत नव्हती म्हणून पर्समधली मोजपट्टी काढून दाखवली. त्यांनी हात पुढे केला आणि मला त्यांच्या बोटावरची अंगुस्तान्याची खूण दिसली. आमच्याकडे काज-बटणाची मशीन असलेला माणूस वेगळाच असतो, ढीगभर शर्ट घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून टाकतो. एक काज एवढा वेळ घेऊन करायला गिऱ्हाइकाच्या खिशातही तेवढा वेळ लागतो.

परतताना पुन्हा गॅलेरिया, कारण ह्यांना प्राडा या बड्या फॅशन कंपनीचं दुकान बघायचं होतं. १९१३ साली मारिओ प्राडाने याच गॅलेरियात चामडी सामानाचं दुकान काढलं. कोल्हापूरच्या माणसाला हे नाव आता वेगळ्याच कारणाने पाठ आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये त्यांनी ज्या सँडल दाखवल्या, त्या बघून आमच्याकडे शेंबडं पोरही म्हणालं, ही तर आपली चप्पल. गावाचं नाव कुठे नाही, नुसतं चामडी सँडल. २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापूरला कारागिरांना भेटून गेली. आम्ही परत आल्यावर डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचंही वाचलं.

खरं सांगायचं तर मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? गिऱ्हाईक मालिकेतल्या नायिकेचा फोटो पुढे धरतं, ‘सेम टू सेम’ म्हणतं, आणि मी गळा तसाच काढते. फक्त तो मी काढलाय असं कुठे सांगत नाही, आणि बातम्यांत जे लाखाचे आकडे येत होते तसलं लेबल लावत नाही. दुकानाच्या काचेत त्या दिवशी सँडल नव्हत्याच, थंडीचा माल लागला होता. हे काचेसमोर दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘काढ फोटो. फक्त पायांचा.’

रविवार, २६ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इकडे घड्याळं एक तास मागे घेतात. भाचीने रात्री सांगितलं होतं, हे ‘हो’ म्हणाले होते, आणि ह्यांचं चावीचं घड्याळ जसंच्या तसं चालू राहिलं. सव्वानऊचं ‘लास्ट सपर’चं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या लिओनार्दो दा विंचीच्या भित्तिचित्राचं, तिकीट. पोरीला झोपू दे म्हणून आम्ही दोघंच निघालो, उशीर होतोय म्हणून जवळजवळ पळतच, आणि सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चच्या दारात पोचलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. तासभर पायऱ्यांवर बसून चकल्या खाल्ल्या. आमच्यात त्या तासाभरात झालेलं संभाषण इथे देत नाही.

आत मोजक्या लोकांना सोडतात, एकामागून एक आपोआप उघडणाऱ्या दारांतून, आणि पंधरा मिनिटं. ही मठाची जेवणाची खोली. लिओनार्दोने १४९५ च्या सुमारास काम सुरू केलं, पण ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवायची रीत त्याला मानवली नाही. त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवलं, आणि रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागले. पुढे मठवाल्यांनी खालून दार पाडलं, त्यात येशूचे पायच गेले. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात खोलीचं छप्पर कोसळलं, वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत तेवढी राहिली. शेवटची दुरुस्ती वीस वर्षांहून जास्त चालली आणि १९९९ मध्ये संपली.

सगळे चेहरे बघत होते. माझी नजर टेबलक्लॉथवर गेली ती तिथेच राहिली. पांढरं कापड, टोकांना निळ्या विणीचे पट्टे, आणि घड्या! कपाटातून काढून आत्ता अंथरलंय, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. भिंत पोपडे धरून बसलीय, माणसांचे डोळे पुसट झालेत, आणि कापडाची घडी दिसतेय. हे मला म्हणाले, ‘तू जगात कुठेही जा, कापडच बघणार.’ तेवढ्यात पंधरा मिनिटं संपली.

दुपारी भाचीला घेऊन नाव्हिल्यो ग्रांदे या कालव्यावर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन्ही काठांनी जुन्या वस्तूंचा बाजार लागतो. झुंबरं, पोस्टकार्डं, ग्रामोफोन, आणि शिंग-शिंपल्यांच्या बटणांनी भरलेल्या बरण्या. हा कालवा बाराव्या शतकात खोदायला घेतला. दुओमोचा संगमरवर मॅज्योरे तळ्याकडून याच पाण्यातून तराफ्यांवर यायचा. त्या मालावर ‘एयूएफ’ अशी खूण, म्हणजे कॅथेड्रलच्या कामासाठी, जकात माफ. त्यावरून फुकटात काही मिळण्याला इथे ‘आ उफो’ म्हणायची पद्धत पडली असं सांगतात. काठावरच एका गल्लीत छपराखाली धुणं धुवायचे दगड जपून ठेवलेत. पाण्याकडे उतरते, घासून गुळगुळीत झालेले. एवढं ओळखीचं मिलानमध्ये काहीच वाटलं नाही, पंचगंगेच्या घाटावर उभं राहावं तसं.

मग पाऊस आला. छत्री भाचीच्या खोलीत. आडोसा म्हणून एका बारमध्ये शिरलो, संध्याकाळ झालीच होती, म्हणून ‘अपेरितिव्हो’. पेयाबरोबर ऑलिव्ह, चिप्स, पावाचे तुकडे असं खाणं येतं. ह्यांनी लालभडक काम्पारी मागवली, एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की लहानपणी काडेचिराइताचा काढा प्यायलेला माणूस मी लगेच ओळखला. पैसे दिलेत म्हणून ग्लास संपवला मात्र.

घरी पोचेपर्यंत कापशीचा लगदा झाला होता. मी मोजे पिळत होते तेवढ्यात भाचीने प्रेमाने चप्पल तापलेल्या हीटरवर ठेवली. सकाळपर्यंत ती पापडासारखी वाकली.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी भाचीने अपराधी चेहऱ्याने चपलेला ऑलिव्ह तेल चोळलं. ह्यांच्या पायात तिच्या मित्राचे बूट आले आणि आम्ही दुओमोच्या छतावर गेलो. अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्याने लिफ्ट निवडली.

१३८६ मध्ये काम सुरू झालं आणि शेवटचं दार १९६५ मध्ये बसलं. लांबलेल्या कामाला इथले लोक ‘दुओमोच्या कामासारखं’ म्हणतात. मला गिऱ्हाइकांची आठवण झाली. १३५ शिखरं, ३,४०० च्या आसपास पुतळे, आणि सगळ्यांत वर, १०८.५ मीटरवर, १७७४ साली बसवलेली सोनेरी मदोन्नीना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती. छतावर दगडी फरशीवरून चक्क चालता येतं. मी एका शिखराला वळसा घालून मागे गेले. तिथला पुतळा खालून कोणालाच दिसणार नाही असा. त्याच्या झग्याच्या चुण्या मागूनही कोरलेल्या होत्या, आणि कॉलरची कड वळवलेली. मी भाचीला हाक मारली, ‘इकडे ये, हे उलट्या बाजूने बघ.’

दुपारी रिसोत्तो. हॉटेलात मिलानी पद्धतीचा रिसोत्तो गाईच्या हाडांचं सार आणि हाडांतली मज्जा घालून करतात, आणि माझा सोमवार, म्हणून भाचीने घरीच केला. तांदूळ धुवायचा नाही, हे ऐकूनच मी उठून उभी राहिले. पण तिचं ऐकलं. लोण्यावर कांदा, त्यावर कोरडा तांदूळ परतायचा, मग भाज्यांचं उकळतं पाणी एकेक डाव घालत ढवळत राहायचं. केशर गरम पाण्यात भिजवून शेवटाकडे. गॅस बंद करून पुन्हा लोणी आणि किसलेलं चीज. ताटली तिरकी केली की भात लाटेसारखा सरकला पाहिजे. गोष्ट अशी सांगतात की १५७४ साली दुओमोच्या रंगीत काचा करणाऱ्या उस्तादाचा एक चेला रंगात सारखं केशर घालायचा, आणि चेष्टा म्हणून त्याने ते उस्तादाच्या मुलीच्या लग्नातल्या भातातही घातलं. गोष्ट खरी असो नसो, रंग तसाच होता. साखर नसलेला केशरी भात जिभेला दोन घास परका वाटला, मध्ये तांदळाची कणी थोडी दाताखाली येत होती. तिसऱ्या घासानंतर मी ताटली पुढे केली.

रात्री विमान. कोमोचं रेशीम माझ्या पर्समध्ये, कापशी वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या बॅगेत.

कोल्हापुरात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी हे चप्पल घेऊन चप्पल लाइनीत गेले, मलाही बरोबर नेलं. करकर पूर्ण बंद झाली होती. नेहमीच्या कारागिराने जोड हातात घेतला, उलटा केला, तळ दाबून बघितला, मग नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून राहिला.

‘वैनी,’ तो म्हणाला, ‘ह्याला त्याल कसलं घातलंय?’